टोमॅटोचें रोप आणि खारें पाणी

काकडीच्या कोशिंबिरीस मीठ फार आधीं लावून ठेवूं नये, हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. मीठ लावून काकडी घटकाभर ठेवली कीं तिला पाणी सुटतें आणि फोडींचा कुरकुरीतपणा जातो. कैरीच्या फोडींस मीठ लावून आपण मुद्दाम हेंच घडवून आणतों. फोडींतील पाणी निघून जातें व लोणचें वर्षभर टिकतें. या नित्याच्या गोष्टीमागें सृष्टीचा एक नियम आहे. वनस्पतींच्या पेशींना जो पातळ पडदा असतो, त्यांतून पाणी नेहमीं कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे जातें. शास्त्रांत या क्रियेस तर्षण असें म्हणतात.

आतां हाच नियम शेतांतील रोपास लावून पाहूं. रोपाच्या मुळांतील रस हा साधारणतः जमिनींतील पाण्याहून दाट असतो, म्हणूनच पाणी मुळांत शिरतें. परंतु जमिनींतील पाणीच खारट झालें, तर मुळाची स्थिति मीठ लावलेल्या काकडीच्या फोडीसारखी होऊं लागते. जमीन ओली असते, मुळांभोंवतीं पाणी असतें, आणि तरीही रोप तहानेनें व्याकुळ होतें. अशा संकटांत रोप काय करतें, कितपत टिकाव धरतें आणि त्या टिकावाची किंमत काय देतें, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. खारावत चाललेल्या जमिनीवर ज्यांचें पोट आहे अशा सहस्रावधि कुटुंबांचा तो प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधण्यास शास्त्रज्ञांनीं ज्या वनस्पतींची निवड केली, त्यांत टोमॅटोचें स्थान फार वरचें आहे.

टोमॅटो हा वांगें, बटाटा व मिरची यांचा सगोत्री. याचें मूळ माहेर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील अँडीज पर्वताच्या परिसरांत. त्याचें संगोपन होऊन तें मोठ्या फळाचें पीक बनलें तें मेक्सिकोच्या बाजूस. युरोपीय लोकांबरोबर तो आपल्याकडे आला. जुन्या पिढींत यास वेलवांगें म्हणत, आणि त्याचा तांबडा रस पाहून कित्येक सोंवळ्या घरांनीं त्यास बरेच दिवस स्वयंपाकघराबाहेरच ठेविलें होतें. आज मात्र सार, कोशिंबीर, भाजी यांपैकीं कशांतही तो नसला तर चुकल्यासारखें वाटतें.

खारटपणा येतो कोठून?

समुद्रकांठच्या जमिनी खारट असतात यांत नवल नाहीं. कोंकणांतील खार जमिनी व गोमंतकांतील खाजणें सर्वांस परिचित आहेत. नवल वाटतें तें समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या शेतांविषयीं. तेथें मीठ येतें तें गोड्या पाण्यांतून. प्रत्येक नदीच्या व विहिरीच्या पाण्यांत थोडेबहुत क्षार असतातच. शेतांत पाणी दिलें म्हणजे त्यांतील कांहीं भाग पीक शोषून घेतें, कांहीं सूर्य उडवून नेतो. क्षार मात्र जागच्या जागीं राहतात. ज्या पाण्याच्या एका लिटरांत अर्धा ग्रॅम क्षार आहेत, तें पिण्यासही फारसें वाईट लागत नाहीं. पण अशा पाण्याचे वीस लाख लिटर एका हंगामांत एका एकरास दिले, तर त्याबरोबर एक हजार किलो क्षार शेतांत येऊन पडतात. निचरा चांगला असला तर पावसाळ्यांत ते धुऊन जातात. निचरा नसला, आणि अति पाण्यामुळें जमिनीखालील पाण्याची पातळीही वर आली, तर तेंच पाणी केशाकर्षणानें पृष्ठभागाशीं येतें, वाळतें, आणि मागें पांढरा थर सोडून जातें.

आपल्या प्रांतानें हा अनुभव फार पूर्वीं घेतला आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. त्याच्या पाण्यानें जिरायत शेतें बागायत झालीं, पण पंचवीस वर्षांच्या आंतच त्या खोऱ्यांतील खारावलेल्या जमिनींची तपासणी करण्याची पाळी आली. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील हॅरल्ड मॅन यांनीं ताम्हणे यांच्या सहकार्यानें १९१० सालीं याच विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढें कृष्णाकांठच्या उंसाच्या मळ्यांतही हेंच घडलें, आणि सांगली-कोल्हापूरकडे 'क्षारपड' हा शब्द घरोघरीं झाला. वऱ्हाडांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर जमिनीखालचें पाणी मुळांतच खारें आहे.

क्षारांचें प्रमाण मोजण्यासाठीं पाण्यांतून वीज किती सुलभपणें वाहते हें पाहतात. क्षार जितके अधिक, तितकी वीज अधिक वाहते. या मापाच्या एककास डेसीसायमन प्रति मीटर असें लांबलचक नांव आहे. आपण त्यास येथें नुसते 'अंश' म्हणूं. समुद्राच्या पाण्याचे सुमारें पन्नास अंश भरतात. मास व हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९७७ सालीं अनेक पिकांची सहनशक्ति एकत्र मांडून दाखविली. ओल्या मातींतून काढलेल्या पाण्याचा खारटपणा एका अंशापलीकडे गेला कीं घेवड्याचें उत्पन्न घटूं लागतें; कापूस ७.७ अंशांपर्यंत डगमगत नाहीं. टोमॅटोची मर्यादा २.५ अंश. त्यापुढें प्रत्येक अंशामागें त्याचें उत्पन्न सुमारें दहा टक्क्यांनीं घटतें. म्हणजे पांच अंशांच्या जमिनींत चौथा हिस्सा गेला, आणि साडेसात अंशांच्या सुमारास निम्मेंच पीक हातीं राहिलें. टोमॅटो अगदींच नाजूक नव्हे. पण त्यास कणखरही म्हणतां येत नाहीं.

रोपाच्या अंगीं काय घडतें?

खारटपणाचें संकट रोपावर एकदम कोसळत नाहीं. तें दोन टप्प्यांनीं येतें, आणि या दोहोंचें स्वरूप भिन्न आहे.

पहिलें संकट तहानेचें. मुळांभोंवतीं क्षार वाढतांच कांहीं मिनिटांच्या आंत कोंवळ्या पानांची वाढ मंदावते. रोपांत ॲबसिसिक आम्ल नांवाचा एक पदार्थ वाढूं लागतो. हा एक प्रकारचा संदेशवाहकच होय. तो पानांस पोंचला कीं पानांवरील सूक्ष्म रंध्रें मिटूं लागतात व बाष्परूपानें जाणारें पाणी वांचतें. परंतु याच रंध्रांतून हवेंतील कार्बन वायु आंत येत असतो, आणि त्यावरच रोपाचें अन्न तयार होतें. दार लावून घेतल्यानें चोर बाहेर राहतो, तसा धान्य आणणाराही बाहेरच राहतो. त्याच वेळीं रोप आपल्या पेशींतील रस दाट करण्याच्या उद्योगास लागतें; त्यासाठीं साखर, प्रोलीन इत्यादि पदार्थ तें स्वतः बनवितें. रस पुरेसा दाट झाला कीं पाणी पुन्हां आंत येऊं लागतें. पण जी साखर फळाच्या वाढीस लागावयाची, तिचा कांहीं भाग या कामीं खर्चीं पडतो. खाऱ्या जमिनींतील टोमॅटोचें झाड ठेंगणें व लहान पानांचें दिसतें, त्याचें कारण हें.

दुसरें संकट विषाचें, आणि तें सावकाश येतें. मीठ म्हणजे सोडियम व क्लोरीन यांचा संयोग. पाण्यांत विरघळतांच हे दोन घटक विलग होतात व पाण्याबरोबर मुळांत शिरतात. रोपास पोटॅशियम अत्यावश्यक असतें. पेशींतील कित्येक क्रिया त्यावांचून चालत नाहींत. सोडियम हें रूपानें पोटॅशियमसारखें, पण गुणानें तसें नव्हे. त्याची गर्दी झाली कीं तें पोटॅशियमची जागा अडवितें आणि पेशींचें काम बिघडतें. पानांतून पाणी उडून जातें, सोडियम मात्र सांचत राहतें; म्हणून जीं पानें सर्वांत जुनीं, त्यांच्यांत तें सर्वांत अधिक. प्रथम त्यांच्या कडा करपतात, मग तीं पिवळीं पडून गळतात. नवीं पानें फुटण्याचा वेग जुनीं पानें गळण्याच्या वेगाहून अधिक असेपर्यंत झाड तग धरतें. हा हिशेब उलटला कीं तें खचतें.

या विषावर रोपापाशीं तीन उपाय आहेत. पहिला, मुळाच्या बाह्य पेशींतून सोडियम परत जमिनींत लोटणें. दुसरा, जें आंत आलेंच, तें जलवाहिन्यांतून पानांकडे चढण्यापूर्वींच मधल्यामध्यें काढून घेणें. तिसरा, जें पानापर्यंत पोंचलें, तें पेशीच्या मध्यभागीं असलेल्या रिक्तिका नांवाच्या थैलींत कोंडून ठेवणें. तेथें तें नाजूक यंत्रणेस त्रास देत नाहीं. ही तिन्हीं कामें पेशीच्या पडद्यांत बसविलेले विशिष्ट प्रथिनांचे दरवाजे करतात, आणि दरवाजाउघाडीस शक्ति खर्चावी लागते. म्हणजे जगण्याची प्रत्येक युक्ति रोपास कांहींतरी मोजून घ्यावी लागते.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फळाकडे येणारें बहुतेक पाणी जलवाहिन्यांतून न येतां अन्नरसाच्या वाहिन्यांतून येतें, आणि त्या रसांत सोडियम फार थोडें असतें. त्यामुळें पानांत पुष्कळ मीठ सांचलें तरी फळ खारट होत नाहीं.

कांसवांच्या बेटावरील भाऊबंद

दक्षिण अमेरिकेच्या इक्वेडोर देशापासून सुमारें एक हजार किलोमीटर पश्चिमेस, भर समुद्रांत गालापागोस बेटें आहेत. चार्ल्स डार्विन १८३५ सालीं तेथें गेला, तेव्हां त्यानें जमविलेल्या वनस्पतींत तेथील रानटी टोमॅटोही होते. यांचीं फळें बोराएवढीं, पिकल्यावर पिवळीं किंवा नारिंगी. त्यांतील एका जातीस १९२५ सालीं एव्हलिन चीझमन या कीटकशास्त्रज्ञ विदुषीच्या नांवावरून नांव देण्यांत आलें. दुसरी जात २००३ सालीं स्वतंत्र म्हणून निश्चित झाली. ती निश्चित करणाऱ्यांत सारा डार्विन होत्या, आणि त्या चार्ल्स डार्विनच्याच वंशांतील, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या रानटी टोमॅटोंचा ध्यास घेतलेला पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स रिक (१९१५–२००२). त्यांनीं या बेटांवरून बिया आणल्या. पण त्या कांहीं केल्या नीट रुजेनात. बेटांवरील कोणता प्राणी हीं फळें खात असेल याचा विचार करतां त्यांचें लक्ष तेथील प्रचंड कांसवांकडे गेलें. कांसवांस फळें चारून त्यांच्या विष्ठेंतून बिया परत मिळविल्या, तेव्हां त्या उत्तम रुजल्या! कांसवाच्या पोटांतून बीं बाहेर पडण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. तेवढ्या अवधींत बीजाचें कठीण आवरण मऊ होतें, आणि कांसव चालत चालत तें दूरवर नेऊन टाकतें. रिक व बोमन यांनीं १९६१ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

या बेटांवर समुद्रकिनाऱ्यालगत, भरतीच्या रेषेपासून थोड्याच अंतरावर वाढणाऱ्या झाडाचें बीं रिक यांच्या संग्रहांत होतें. त्याच विद्यापीठांतील रश व एप्स्टीन यांनीं तें घेऊन १९७६ सालीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. पोषक द्रव्यें घातलेल्या पाण्यांत त्यांनीं टप्प्याटप्प्यानें समुद्राच्या पाण्याइतका खारटपणा वाढवीत नेला. बागेंतील नेहमींचा टोमॅटो निम्म्या खारटपणापलीकडे बहुधा तगला नाहीं. बेटावरील रानटी टोमॅटो मात्र पूर्ण समुद्रपाण्यांतही जिवंत राहिला. त्याची वाढ अर्थातच मंदावली होती. पण तो मेला नाहीं.

अधिक विस्मयकारक गोष्ट पुढेंच आहे. रानटी टोमॅटोनें मीठ अधिक यशस्वीपणें बाहेर ठेविलें असेल, असें कोणासही वाटेल. पानें तपासलीं तेव्हां नेमकें उलट दिसलें. मीठ बाहेर ठेवण्याची धडपड करीत होता तो बागेंतील टोमॅटो; आणि ती धडपड असह्य होतांच तो कोसळत होता. रानटी टोमॅटोनें सोडियम मोकळेपणानें पानांत येऊं दिलें होतें. तें थैल्यांत सांठवून त्याच्याच साहाय्यानें तो आपला रस दाट करीत होता, आणि त्यामुळें साखर खर्चण्याचें त्याचें काम हलकें होत होतें. जें एकास विष, तेंच दुसऱ्यानें फुकटचें साधन केलें. 'मीठ सोसणें' हा एकच एक गुण नसून त्याच्या अनेक रीती आहेत, हें या प्रयोगानें स्पष्ट झालें.

मनुष्याचे प्रयत्न

मग या रानटी भाऊबंदाचा गुण बागेंतील टोमॅटोंत आणतां येईल काय? एप्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'वॉल्टर' नांवाच्या बाजारी वाणाशीं त्याचा संकर केला. निवडक संकरित रोपांनीं सत्तर टक्के समुद्रपाण्याइतक्या खारटपणांतही फळें धरलीं. पण तीं फळें लहान होतीं. संकरांत आपणांस हवा तेवढाच गुण येत नाहीं. रानटी आप्ताचें बारीक फळ, पसरट वाढ व इतर अवगुण बरोबर येतात, आणि ते वेगळे काढण्यास पिढ्यानुपिढ्या निवड करावी लागते.

दुसरा मार्ग जनुकशास्त्राचा. झांग व ब्लूमवाल्ड यांनीं २००१ सालीं मोहरीच्या कुळांतील एका लहानशा रोपाचें जनुक टोमॅटोंत घातलें. तें जनुक सोडियमला रिक्तिकेंत ढकलणारा दरवाजा बनवितें. हा दरवाजा भरपूर प्रमाणांत मिळतांच रोप, दर लिटरास सुमारें बारा ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यांत वाढलें, फुललें व त्यास फळेंही आलीं. पानांत मीठ पुष्कळ, फळांत फारच थोडें. या बातमीनें त्या वेळीं मोठी आशा उत्पन्न केली. परंतु काचगृहांतील कुंडी आणि शेत यांत अंतर असतें. शेतांत क्षार एकसारखे पसरलेले नसतात. ऊन, वारा, चिकण माती, सांचलेलें पाणी हीं सर्व एकाच वेळीं झाडास गांठतात. शिवाय बीजाची उगवण, रोपाची वाढ, फुलोरा व फळधारणा या प्रत्येक अवस्थेंतील सहनशक्ति निराळी असते. एक दरवाजा बसविला म्हणून सगळें घर सुरक्षित होत नाहीं.

तरी ज्ञान पुढें जात आहे. बेटावरील टोमॅटोच्या संकरांचा अभ्यास करतां, जलवाहिन्यांतून सोडियम परत ओढणाऱ्या दरवाजांचीं जनुकें सातव्या गुणसूत्रावर आहेत, हें स्पेनमधील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, सोडियम व पोटॅशियम यांची वाहतूक करणाऱ्या अशाच एका जनुकाचें अधिक सहनशील रूप रानटी टोमॅटोंत होतें, तें माणसाच्या संगोपनांत मागें पडत गेलें. शतकानुशतकें शेतकऱ्यानें मोठें, मऊ, रसाळ फळ निवडलें. गोड पाणी व खत हातांत दिलें. ज्या शक्तीची गरजच उरली नाहीं, ती गेली तरी कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. ऐश्वर्यांत वाढलेल्या पिढीची जी गत होते, तीच या पिकाची झाली.

सध्यां शेतकऱ्याच्या हातीं येण्यासारखा एक सुलभ उपाय म्हणजे कलम. मीठ वर चढूं न देणाऱ्या कणखर जातीच्या खुंटावर चांगल्या फळाच्या जातीचा फोंक बांधावयाचा. मुळें एकाचीं, फळें दुसऱ्याचीं. आंब्याचीं कलमें करणाऱ्या आपल्या लोकांस ही कल्पना नवी वाटूं नये.

मिठानें येणारी गोडी

या कथेस एक चवदार बाजूही आहे. माफक खारटपणांत टोमॅटोचें फळ पाणी कमी घेतें; तें लहान राहतें, पण त्यांतील साखर व आंबटपणा दाट होतो. इटलींतील सिसिली बेटावर पाकीनो गांवाच्या परिसरांत किंचित् खाऱ्या विहिरींच्या पाण्यावर टोमॅटो पिकवितात. त्यांस २००३ सालीं युरोपीय संघानें भौगोलिक मानांकन दिलें. जपानांत कुमामोतो प्रांतांत समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनींत होणारे टोमॅटो 'मिठाचे टोमॅटो' म्हणूनच विकले जातात, आणि त्यांस भावही चढा मिळतो. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटांत भूगर्भांतील मचूळ पाण्यावर गोड टोमॅटो काढतात.

परंतु या गोडीचाही हिशेब आहे. फळ गोड होतें तें वजन गमावून. चव पारखून जास्त दाम मोजणारें गिऱ्हाईक असेल, तेथें हा सौदा परवडतो. जेथें माल क्रेटच्या वजनावर विकावयाचा आहे, तेथें शेतकऱ्याचें नुकसानच होतें. शिवाय खाऱ्या पाण्यांत झाडास कॅल्शियम नीट मिळत नाहीं, आणि फळाच्या बुडाशीं काळा, खोलगट डाग पडतो. असें फळ बाजारांत कोणी घेत नाहीं.

घरच्या कुंडींतील रोप

आपल्या वाचकांपैकीं अनेकजण गच्चींत वा सज्जांत टोमॅटोचीं चार रोपें लावीत असतील. त्यांनाही हा विषय दूरचा नाहीं. कूपनलिकेचें जड पाणी, वारंवार घातलेलें रासायनिक खत, आणि निचऱ्यास छिद्र नसलेली कुंडी, एवढ्यानें घरच्या घरीं एक लहानसें क्षारपड शेत तयार होतें. मातीवर किंवा कुंडीच्या कांठावर पांढरा थर दिसणें, जुन्या पानांच्या कडा करपणें, माती ओली असूनही भर दुपारीं रोप मलूल होणें, हीं त्याचीं लक्षणें. अशा वेळीं रोप सुकलें असें समजून थोडें थोडें पाणी घालीत राहणें, किंवा अशक्त दिसतें म्हणून आणखी खत देणें, हें दुखण्यांत भर घालण्यासारखें आहे.

खरा उपाय म्हणजे निचरा. कुंडीच्या तळाशीं छिद्र मोकळें करावें, आणि पावसाचें किंवा दुसरें गोड पाणी एकदां इतकें घालावें कीं तें खालून भरपूर वाहून जाईल. क्षार त्याबरोबर जातात. खालीं थाळींत सांचलेलें पाणी पुन्हां कुंडींत घालूं नये. घरोघरीं पाणी शुद्ध करण्याचीं जीं यंत्रें असतात, त्यांतून बाहेर टाकलें जाणारें पाणी काटकसरीनें झाडांस घालण्याची पद्धत पडली आहे. हेतु स्तुत्य आहे. पण गाळून निघालेले क्षार त्याच पाण्यांत एकवटलेले असतात, म्हणून टोमॅटोस तें एकटें व नित्य देऊं नये, गोड्या पाण्यांत मिसळून द्यावें. जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचें पाणी तर टाळावेंच. त्यांत कॅल्शियम काढून त्या जागीं सोडियम घातलेलें असतें. बीं रुजवितांना व रोप कोंवळें असतांना तरी गोडेंच पाणी द्यावें, कारण त्या वयांत त्याची सहनशक्ति सर्वांत थोडी असते. मातीवर पालापाचोळ्याचें आच्छादन घातल्यास पाणी उडून जाण्याचें प्रमाण घटतें व क्षार वर येत नाहींत.

शेतांत ठिबकनें पाणी देणाऱ्यांनींही एक गोष्ट लक्षांत ठेवावी. ठिबकच्या पाण्यानें क्षार ओल्या भागाच्या कडेला ढकलले जातात. हलकी पावसाची सर आली कीं तेच क्षार परत मुळांकडे येतात. म्हणून पाऊस लागला तरी प्रथम कांहीं काळ ठिबक चालूच ठेवणें हिताचें असतें.

सहनशक्तीची मर्यादा

खाऱ्या जमिनींत तग धरणारा टोमॅटो उद्यां शेतकऱ्याच्या हातीं आला, तर तें वरदान खरेंच. परंतु त्यानें जमिनीचें दुखणें बरें होणार नाहीं. झाडानें मीठ सोसलें म्हणजे मीठ नाहींसें झालें असें नव्हे. पाणी जितकें अधिक द्यावें, तितकी त्याची भर पडतच राहते. पांच अंश सोसणारें वाण आलें म्हणून निचऱ्याचे चर खणण्याचें काम पुढें ढकललें, तर कांहीं वर्षांनीं आठ अंश सोसणारें वाण मागावें लागेल, आणि अखेरीस असा दिवस येईल कीं कोणतेंच वाण पुरणार नाहीं. सोसणाऱ्याच्या अंगीं बळ आहे म्हणून त्याच्यावर भार टाकीत जाण्याची चाल आपल्या समाजांत नवी नाहीं. पण जमिनीच्या बाबतींत तिचें फळ लवकर व उघड दिसतें.

दुसरी गोष्ट बियांची. जो गुण आपल्या पिकानें गमावला, तो आज शिल्लक आहे तो दूरच्या बेटांवरील कांहीं काटक झाडांत. तीं झाडेंही सुरक्षित नाहींत. माणसानें तेथें नेलेले बागेंतील टोमॅटो व त्यांचे संकर त्यांच्या जागा घेऊं लागले आहेत, आणि पूर्वीं जेथून बीं आणलें त्या कांहीं ठिकाणीं तीं आतां आढळत नाहींत. रिक यांनीं जमविलेल्या बियांचा संग्रह डेव्हिस येथें त्यांच्याच नांवानें जतन केलेला आहे, व जगांतील संशोधकांस त्यांतून बीं मिळतें. बोराएवढ्या, बाजारांत ज्यास कोणी कवडी देणार नाहीं अशा फळाचें बीं एका प्राध्यापकानें जपून ठेविलें, म्हणून आज हे सर्व प्रयोग करतां आले. आपल्याकडेही खाजणांतील भाताचीं व खारपाणपट्ट्यांतील पिकांचीं जुनीं वाणें ज्यांच्या घरीं अजून कणग्यांत आहेत, त्यांनीं तीं कमी उत्पन्नाचीं म्हणून टाकून देऊं नयेत. त्यांच्या अंगीं कोणता गुण दडलेला आहे, हें गरज पडल्यावांचून कळत नाहीं, आणि गरज पडेल तेव्हां तें बीं नव्यानें निर्माण करतां येत नाहीं.